कोणाचाही मुलगा असला तरी

स्टेपलरची पिन कागदात अर्धवटच शिरली होती, आणि तिचं वर आलेलं टोक बोटाला टोचलं तेव्हा तिचं लक्ष त्या अक्षराकडे गेलं — बारीक, सुटंसुटं, प्रत्येक अक्षर चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं. असं अक्षर तिच्या वडिलांचं होतं.

प्रश्न सतरावा : खुनाला फाशी असावी का? — हो. कारण : कोणाचाही मुलगा असला तरी.

सर्व्हेच्या फॉर्मवर नाव नसतं. पठार विभाग, पुरुष, वय एकाहत्तर, घड्याळदुरुस्ती... पण पठारावरच्या तिच्या माहेरगावात दुसरा घड्याळजी होताच कुठे?

सकाळपासून ती पठाराचेच फॉर्म संगणकात भरत होती. हो, हो, हो... मागच्या आठवड्यात किनाऱ्याचे भरले तेव्हा नुसतं नाही, नाही, क्वचित एखादा हो. शेजारच्या टेबलावरचे साहेब — निवृत्तीला आलेले, जन्म किनाऱ्यावर गेलेला — चहा पिता पिता म्हणाले होते, "पठारावर काय, ऊठसूट लटकवा! आम्ही मासे खाणारी माणसं, पण माणूस मारायचा म्हटलं की घास उतरत नाही." सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिने नजर पुन्हा फॉर्मात घातली, कारण तिच्या भावाच्या हातून एका पहारेकऱ्याचा जीव गेला होता, पठारावरच्याच कोर्टात परवा शिक्षा सुनावायची होती, आणि लग्नानंतर बदललेल्या आडनावाआड ती या खोलीत जीव मुठीत धरून बसली होती. हेच इथे, समुद्राकाठी घडलं असतं तर... एका दिवसाचा प्रवास, देश तोच, कायदा तोच... पण न्यायाधीशही तिथलीच हवा खातो, त्याच्याही घरी कोणीतरी भाजी निवडता निवडता म्हणत असेल, असल्यांना सोडू नका.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"जेवलीस का?" वडिलांचं नेहमीचं पहिलं वाक्य.

"बाबा, सर्व्हेवाले आले होते का दुकानात?"

पलीकडे एखाद्या घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज आला.

"आली होती एक मुलगी. भर उन्हात. पाणी दिलं तिला."

"काय लिहिलंत?"

"सगळे लिहितात तेच. चार माणसं बसली होती गं समोर."

"आणि नसती तर?"

"कामावर आहेस ना? ठेव आता."

लोकलाजेने लिहिलं, तिने ठरवून टाकलं. दुसरं काय करणार म्हातारा माणूस, ज्याच्या दुकानात वर्षभर लोक येतात ते घड्याळापेक्षा त्याचं तोंड पाहायला... पण कारणाचा रकाना ऐच्छिक होता. बहुतेकांनी तो कोराच सोडला होता. आणि त्या चार शब्दांत एकही काना हलला नव्हता.

लहानपणी एकदा रेडिओवर कोणा परक्याला फाशी झाल्याची बातमी लागली होती, तेव्हा आई म्हणाली, बरं झालं. वडील म्हणाले, बरं झालं. आणि मीही — हो, मीही वेणी घालता घालता म्हणाले होते, बरं झालं — कोणी चार माणसं समोर बसली नसताना.

तिने वडिलांचं उत्तर भरलं. पहारेकऱ्याला दोन मुली होत्या. धाकटी कोर्टात आईच्या मांडीवर झोपून गेली होती. ही आठवण आजवर तिने कधी पुरती येऊ दिली नव्हती. आज ती आली आणि हलेना. आतापर्यंत भीती होती ती न्यायाधीशाची, साहेबांना कळण्याची, परवाच्या दिवसाची. या सगळ्या भीतीत ती स्वतः भावाच्या बाजूला उभी होती, एवढं तरी पक्कं होतं.

"काय मॅडम," साहेब खुर्ची वळवून म्हणाले, "एवढे फॉर्म भरलेत, तुमचं स्वतःचं मत काय? हो की नाही?"

चार वर्षं या खोलीत ती बेधडक 'नाही' म्हणत आली होती. तिने तोंड उघडलं — आणि घाबरून मिटून घेतलं. कोणता शब्द बाहेर पडेल, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.