पाटल्यांचं विरजण

कंपनीची वार्षिक सभा सुरू झाली तेव्हा मंगल कार्यालय जमिनीच्या वर होतं. पहिला प्रश्न विचारला गेला आणि ते हातभर खाली गेलं. खिडक्यांच्या तळाशी काळी माती दिसू लागली. लोकांनी खुर्च्या जरा सावरल्या. दर सभेला असं होतं, पण या वर्षी प्रश्न फार होते.

स्टेजवर, जिथे एरवी नवरा-नवरी बसतात, तिथे कंपनीचं मोठं पातेलं झाकून ठेवलं होतं. पद्धत सोपी होती. खाणीतला दगड दळायचा, कोमट पाण्यात कालवायचा, त्यात थोडं खरं सोनं विरजण म्हणून सोडायचं आणि वाट पाहायची. अध्यक्ष चिमोटे सांगत, दगडातलं सोनं लाजाळू असतं, आपलं माणूस दिसलं की बाहेर येतं. विरजण भागधारकांनी द्यायचं होतं. मी कुंदाच्या पाटल्या दिल्या. तिच्या आईनं याच स्टेजवर, आमच्या लग्नात, तिच्या हातात घातलेल्या. आता कुंदा माझ्या शेजारी बसून मनगटांवरचे फिकट वळ चोळत होती.

विम्याचे एजंट वैरागडे उठले. "अध्यक्षसाहेब, लागलं की नाही लागलं, तेवढं सांगा ना जी?"

कार्यालय खाली गेलं. खिडक्यांत मुरूम आला.

"लागतंय," चिमोटे म्हणाले. "झाकण उघडलं तर मोडेल."

"पण असं सोनं निघालेलं कोणी पाह्यलं काय?"

खिडक्या भरल्या. कोणीतरी ट्यूबलाइट लावल्या. मागून गोतमारे ओरडले, "वैरागडे, बसा बरं खाली! तुमच्या प्रश्नांनीच सारे खाली चाललो!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला शंकेखोर माणसांचा मनापासून राग येतो. दुधात मिठाचा खडा टाकणारी जात.

वैरागडे बसले. तेवढ्यात कुंदा उभी राहिली.

"मी रोज दही लावते," ती म्हणाली. "विरजण परत भेटत नाही."

हा प्रश्न नव्हता, म्हणून कार्यालय हललं नाही. फक्त छत उतरलं आणि पंख्यांची पाती आमच्या डोक्यांजवळ आली. कोणीतरी पंखे बंद केले.

"कुंदा, बस," मी म्हणालो. मला लाज वाटली.

ती बसली नाही. स्टेजवर चढली, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपत राहिली. "पाटल्या हाताला लागत नाहीत," तिनं सांगितलं. छत आणखी उतरलं. आम्ही माना वाकवल्या.

मग तिच्या हाताभोवतीचा करडा लगदा घट्ट होऊ लागला. त्यावर पिवळसर साय धरली.

"लागलं!" गोतमारे ओरडले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. चिमोट्यांनी दोन्ही हात जोडले. "वहिनी, आता हलू नका. हललात तर सगळ्यांचं मोडेल."

"थोडा दम धरा ना वहिनी," वैरागडेही म्हणाले. त्यांच्या बायकोची चेन त्याच पातेल्यात होती.

साय कुंदाच्या कोपरावरून दंडाकडे चढत होती. तिनं हात ओढून पाहिला. पातेलं तेवढं सरकलं.

"अहो," ती म्हणाली, "हात निघत नाही."

मी घाबरलो. इतका कधीच घाबरलो नव्हतो. प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, तिचा हात निघेल ना? पण दाराच्या वरच्या फटीतून उजेडाची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. आणखी एक प्रश्न, आणि तीही गेली असती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओठ मिटून घेतले.

"ज्यांना पद्धत मान्य आहे त्यांनी हात वर करा," चिमोटे म्हणाले.

हात वर गेले आणि छताला टेकले. गोतमाऱ्यांचा, वैरागड्यांचा. माझाही. छत खाली आलं तसं ते तळव्याला चिकटून बसलं, मला हात काढता येईना.

कुंदानं मोकळा हात उचलला, माझ्याकडे, मी येऊन धरावा म्हणून.

चिमोट्यांनी तो मोजला. "एकमतानं मंजूर," ते म्हणाले.