नकाशा मधोमध

"आमची ताई काय करते माहितीये? डबे मधोमध ठेवते. आणि त्याचा पगार घेते," असं धाकटा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मधलीला त्याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं. ती वेबसाइटची पानं बनवायची. ब्राउझरची खिडकी कुणाची केवढी असेल याचा काही नेम नाही. कुणी फोनवर बघतो, कुणी भिंतीएवढ्या पडद्यावर. पण गिऱ्हाईक कुठलंही असो, त्याला त्याचं चित्र, त्याचं बटण, त्याचा मजकूर बरोब्बर मध्ये हवा असतो. जरा डावीकडे सरकलं की त्याच्या डोळ्यांत खुपतं. मग मधलीला फोन.

तीन भावंडांतली ती मधली, म्हणून घरात तिचं नावच मधली. थोरली लग्न होऊन लांब गेलेली, वडील वारलेले, आणि धाकटा कुठल्याच नोकरीत टिकेना. शेवटी मधलीनंच त्याला चिकटवलं. तिच्या कंपनीनं एका फळांच्या शीतगृहासाठी पान बनवलं होतं. तिथं तिनं शब्द टाकला आणि धाकटा दारांचा मिस्त्री म्हणून लागला. आई मात्र कुरकुरत राहिली. "दुसरीकडे कुठे जागा नव्हती का गं? तिथं म्हणे खोलीतली हवाच काढून घेतात. माझं पोर श्वास कसला घेणार?"

आईला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण सांगणारा खोटं बोलला नव्हता. तिथं सफरचंदं नुसती गार करून ठेवत नसत. खोली पेट्यांनी छतापर्यंत भरायची, रबर लावलेलं दार गच्च बंद करायचं, आणि आतला प्राणवायू जवळजवळ सगळा काढून त्याजागी नायट्रोजन सोडायचा. मग फळं पिकत नाहीत, सडत नाहीत, महिनोन्‌महिने आहेत तशी पडून राहतात. तिथले लोक याला खोली झोपवणं म्हणत. झोपलेल्या खोलीला वास नाही, रंग नाही. आत गेलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही. जरा गरगरतं, जरा हलकं हलकं वाटतं, आणि तो खाली बसतो. बसला की उठत नाही.

म्हणून तर ते पान बनवलं होतं. पानावर शीतगृहाचा नकाशा होता, एका ओळीत सहा खोल्या आणि उजव्या टोकाला कंट्रोल रूम. जागी खोली हिरवी आणि झोपलेली निळी. प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असायचा, आणि बिल्ला असेल तिथं नकाशावर ठिपका उमटायचा. ठिपक्याखाली त्या माणसाचं काम लिहिलेलं. खोली झोपवण्याआधी कंट्रोल रूममधल्या माणसानं पडद्याकडे बघायचं. ठिपका नाही ना? मग सोडा वायू. पान येण्याआधी तोच माणूस चालत जायचा, दार ठोठावायचा, आत डोकावून हाक मारायचा. पान आलं आणि ते बंद झालं. कशाला उगाच तंगडतोड, असं वरच्यांनी ठरवलं.

तो माणूस म्हणजे काका. मधलीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवरचा आवाज ओळखायची. घोगरा, सावकाश, मध्येच खोकणारा. दम्याचा त्रास होता त्यांना. धाकट्याचा त्यांच्यावर फार जीव. ते आपल्या डब्यातलं चांगलंचुंगलं काढून आधी याच्यापुढे ठेवत, म्हणून असेल. तर त्या काकांचाच फोन आला.

"पोरी, मला नवा पडदा दिलाय. लांबच्या लांब आहे अगदी. पण तुझा नकाशा बसलाय डाव्या कडेला, रुसल्यासारखा. दिवसभर तिकडे बघून बघून मान धरली माझी. जरा मध्ये घेता येईल का?"

"एवढंच ना काका? उद्या सकाळी करून टाकते."

"तुझ्या-माझ्या साहेबांना नको सांगूस हां. म्हणतील, म्हाताऱ्याचे नखरे सुरू झाले."

तिनं नाही सांगितलं. सकाळी चहा गार व्हायच्या आत काम उरकलं. नकाशाच्या चौकटीला बजावलं, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोड. झालं. कुणाला सांगितलं नाही, म्हणून कुणी तपासलंही नाही. तिनं आपल्या लॅपटॉपवर पाहिलं तर नकाशा छान, ठिपके जागच्या जागी. अहो, दिसणारच! तिच्या लॅपटॉपची खिडकी नकाशाएवढीच रुंद. बाजूला जागाच नाही, तर सरकणार काय कपाळ? हे तिला सुचायला हवं होतं. इतकी वर्षं याच धंद्यात घालवलेल्या बाईला तर सुचायलाच हवं होतं. पण रोजचं काम हात करतात आणि डोकं भलतीकडे असतं. तिचं डोकं त्या सकाळी आईच्या फुटलेल्या चष्म्यात होतं.

दुपारी तिच्या साहेबांनी मीटिंगच्या खोलीत बोलावलं. नवं गिऱ्हाईक येणार होतं, त्याला दाखवायची जुनी कामं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावून बघायची होती. मधलीनं शीतगृहाचं पान उघडलं.

"वा! हे मधोमध कधी घेतलंस? आता कसं भारदस्त दिसतंय," साहेब खूश होऊन म्हणाले. मग पुढे वाकले आणि बोट दाखवून हसले. "पण हा कोण गं? खोल्या सोडून उन्हात जाऊन बसलाय."

नकाशाच्या डावीकडे, कोऱ्या पांढऱ्या जागेत, एक ठिपका होता. खाली लिहिलं होतं, फोर्कलिफ्ट.

मधली हसायला गेली आणि हसू ओठांवरच राहिलं. फोर्कलिफ्टवाला पहिल्या खोलीत असतो. पहिल्या खोलीच्या डाव्या भिंतीबाहेर काही नाही, तिथं जायला दारसुद्धा नाही. पानावरच्या प्रत्येक वस्तूला तिचे आईबाप सांगावे लागतात. तू अमक्याच्या पोटात आहेस, त्याच्या कडेपासून मोज, असं. ठिपक्यांना ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते थेट खिडकीच्या डाव्या कडेपासून मोजत होते. नकाशा त्याच कडेला चिकटून होता तोवर सगळं बरोबर येत होतं. सकाळी तिनं नकाशा उचलून मध्ये नेला, आणि माणसं होती तिथंच राहिली.

म्हणजे अशा रुंद पडद्यावर प्रत्येक माणूस आपल्या डावीकडच्या खोलीत दिसत होता. काकांच्या पडद्यावरही. दारमिस्त्री तिसऱ्या खोलीत दिसत होता. म्हणजे तो चौथ्या खोलीत होता. आणि चौथी खोली हिरवी नव्हती, पुरती निळीही नव्हती. तिच्या तळापासून निळा रंग हळूहळू वर चढत होता.

धाकट्याचं कामच असं होतं. दाराचं रबर कुठे विरलंय हे बाहेरून कळत नाही. तो आत जायचा, दार लावून घ्यायचा, दिवा मालवायचा आणि अंधारात बसून राहायचा. जिथून उजेडाची रेघ आत येईल तिथं खडूची खूण करायची. गार हवा फेकणाऱ्या पंख्यांच्या घरघरीत आत दुसरं काही ऐकू येत नाही. भिंती इतक्या जाड की फोन लागत नाही. तरी तिनं लावला. लागला नाही. मग कंट्रोल रूमचा नंबर दाबला.

"काका! धाकटा कुठे आहे?"

"कोण, तू होय! अगं, काय सुरेख बसलाय नकाशा. मान मोकळी झाली बघ माझी."

"काका, धाकटा कुठे आहे ते सांगा!"

"तिसऱ्यात. दिसतोय की इथं. चौथ्या खोलीचं दार आटोपून तिकडे गेला असणार, म्हणून तर मी चौथी झोपवायला घेतली. का गं?"

"तो चौथ्यात आहे. वायू बंद करा. काका, आधी वायू बंद करा!"

फोनमध्ये खटका पडल्याचा आवाज आला. "केला बंद. पण पोरी, पडद्यावर तर..."

"पडदा खोटं दाखवतोय. माझ्यामुळे खोटं दाखवतोय. खिडकीची उजवी कड माऊसनं धरा आणि आत ओढा. खिडकी लहान करा."

साहेब बाजूला "काय झालं, अगं झालं काय?" करत होते. तिनं त्यांना हातानंच गप्प केलं. फोनमध्ये काकांचा श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टी वाजणारा.

"अरे देवा," काका म्हणाले. "ठिपका जागचा हलला नाही गं. भिंतच सरकली. चौथ्यात आला तो!"

"कुठे? खोलीत कुठे दिसतोय?"

"डाव्या टोकाला. पेट्यांच्या रांगांच्या पार पलीकडे. खिडकी अर्धी ओढलीय, अजून ओढू?"

"पुरे, पुरे! दिसला ना? मग धावा काका, धावा!"

त्यांनी फोन ठेवला नाही, टाकला. खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग लांब लांब जाणारा खोकला. नंतर नुसती पंख्यांची घरघर. मधली फोन कानाशी दाबून उभी राहिली. साहेबांनी आपल्या फोनवरून शीतगृहाच्या मॅनेजरला गाठलं आणि ते ओरडून सांगायला लागले, चौथी खोली, चौथी, माणूस अडकलाय, मास्क घेऊन जा. मास्क हा शब्द तिच्या कानांवर पडला, पण तिचं सगळं लक्ष त्या घरघरीत होतं. धाकट्याला काही झालं तर आईला तोंड कसं दाखवू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. नोकरी मी लावली. नकाशा मी हलवला. देवा, त्याला बाहेर काढ, बाकी काय वाट्टेल ते होऊ दे. खरंच ती असं म्हणाली. ओठ हलवून, मनापासून म्हणाली.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. पलीकडे माणसांचा गलका झाला, कुणीतरी पळालं, काहीतरी लोखंडी आपटलं. मग पावलं जवळ आली आणि फोन उचलला गेला.

"ताई?"

"आहेस? अरे, आहेस ना तू?"

"आहे. डोकं फुटतंय. उलटी झाली. पण आहे."

मधलीचा जीव भांड्यात पडला. ती होती तिथं जमिनीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. साहेबांना खूण केली, वाचला, वाचला. गाढवा, म्हणाली, मूर्खा, म्हणाली, आता आईला मी काय सांगू, म्हणाली, आणि पुन्हा रडली. जन्मात कधी झाला नव्हता एवढा आनंद तिला त्या घटकेला झाला.

"काकांना फोन दे," ती म्हणाली. "आधी त्यांना दे. मला त्यांच्याशी बोलायचंय."

पलीकडून नुसता गलका ऐकू आला.

"अरे, दे ना."

"ताई, मी दाराशेजारीच पडलो होतो," धाकटा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "उजव्या टोकाला, दाराच्या अगदी लगत. आत काळोख होता. दार सरकलं, बाहेरची हवा लागली, तेव्हा जरा शुद्ध आली. काका माझ्या बाजूनं आत पळत गेले. त्यांनी मला पाहिलंच नाही. मी हाक मारायला गेलो तर आवाज फुटेना. कसाबसा रांगत बाहेर आलो. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता गं. मास्कवाली माणसं नंतर आली. त्यांना ते पार डाव्या टोकाला सापडले, पेट्यांच्या मागे. आत्ता बाहेर आणून झोपवलंय. छाती दाबतायत, दाबतायत. पण ते काही हलत नाहीत."

मधलीनं मान वर केली. भिंतीवरच्या पडद्यावर पान अजून तसंच उघडं होतं. दारमिस्त्रीचा ठिपका आता कंट्रोल रूमच्या डावीकडे, कुठल्याशा भिंतीत रुतलेला दिसत होता. चौथ्या खोलीत कुणीच दिसत नव्हतं. खिडकी पुरती ओढली असती तर ठिपका दाराशी आला असता. अर्धी ओढली म्हणून तो डाव्या टोकाला दिसला, आणि काकांनी त्यावर विश्वास ठेवला.

"मी तर दाराशीच होतो ना," धाकटा लहान मुलासारखा रडायला लागला. "हात पुढे केला असता तर लागलो असतो त्यांच्या हाताला. मग ते तिकडे इतक्या आत का गेले गं? ताई, सांग ना. का गेले?"

"त्यांनी विचारलं होतं मला," मधली म्हणाली. "अजून ओढू का म्हणून. मी पुरे म्हटलं."

"काय पुरे? ताई, काय म्हणतेयस तू?"