सेल्फ घेत न्हाई

भीमराज सुरतेला एका कंपनीची गाडी चालवायला गेला आणि त्याची स्वतःची जीप शिरड शहापूरला दारातच उभी राहिली. दर दोन आठवड्यांनी रविवारी तो गावातल्या कोंडीबाच्या दुकानात फोन करून बायकोशी, सरिताशी बोलायचा. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असायची. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही.

मार्चमध्ये धाकट्या दिरानं, धम्मानंदनं, जीप औंढ्याच्या फेऱ्यांना लावायची ठरवली. चावी फिरवली तर नुसतं टक् झालं. इंजिन हललंच नाही.

"सेल्फ घेत न्हाई," सरितानं फोनवर सांगितलं. "भावजी म्हणतेत, ढकलून चालू करू."

"ढकलून किती दिवस चालवणार? काहून घेत न्हाई ते हुडकायला पाहिजे. त्याला घाई फार, तू बघ. पुढचे दिवे लाव. चावी फिरवली की दिवे बारीक होतेत का, ते सांग. उद्या सातला फोन करतो."

उद्या! दोन आठवडे थांबायचं नव्हतं.

दिवे बारीक होत नव्हते. "म्हंजे बॅटरी बराबर हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी स्टार्टरवर पान्यानं हळूच ठोकायला लावलं. तो सावकाश सांगायचा, आणि बॉनेटवर वाकलेली त्याची पाठ तिला दिसायची. कधी नव्हे ते दोघं इतकं बोलत होते.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "इंजिनपासून चासीला, गाडीच्या सांगाड्याला, एक जाड वायर जाते, अर्थिंगची. तिचा नट बघ."

पाचव्या दिवशी दुपारी ती पोतं टाकून गाडीखाली शिरली. नट गंजून पिवळा पडला होता. तिनं तो खोलला, सगळं पॉलिशपेपरनं घासलं, पुन्हा आवळलं. धम्मानंदनं चावी फिरवली. इंजिन एकदम धडधडलं. "वहिनी, जमलं की!" तो ओरडला. ती हसली, आणि मग तिला सात वाजताचा फोन आठवला.

"बघितला का नट?" भीमराजनं विचारलं.

"न्हाई. आज जमलं न्हाई."

तो रागावला नाही. वायर कुठून कुठं जाते, सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तिला जास्तच लागलं.

पुढच्या संध्याकाळी तिनं सांगून टाकलं. "कालच चालू झाली. नटच व्हता. सांगितलं न्हाई... तुमी रोज बोलून राहिले, म्हणून."

कोंडीबा उगाच मापं पुसत बसला.

"मला ऐकव," भीमराज म्हणाला. "गाडी."

धम्मानंदनं जीप दुकानाच्या पायरीपाशी आणली. वायर ताणली तरी रिसीव्हर दारापर्यंतच पोचला. जीप आणखी जवळ घेतली. सरितानं हात लांबवून रिसीव्हर इंजिनाकडं धरला. हात भरून आला तरी तिनं तो खाली केला नाही. मग कानाला लावला.

"ऐकली?"

"व्हय." तो म्हणाला, "इंजिनात टॅपेटचा टकटक आवाज येऊन राहिलाय. बारीक हाय, पण हाय."

धम्मानंदला तर काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.

"मग काय करायचं?" तिनं विचारलं.

"असं एका दिवसात न्हाई सांगता येत. उद्या सातला ये."