बासष्ट सह्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे. पण मतपेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी लांबलचक रांग आणि जो बंदोबस्त येतो, त्यातले मी काहीच पाहिलेले नाही. मी एका बटणांच्या कारखान्याची पेटी. वर्षातून एकदा, भागधारकांच्या सभेच्या दिवशी मला काम असे. उरलेले वर्ष मी कचेरीतल्या कपाटावर धूळ खात बसे. आता तर भंगारवाल्याच्या दुकानात आहे आणि माझ्या पोटात गंजक्या बिजागऱ्या भरल्या आहेत. थोडा वेळ थांबलात तर माझी हकीकत सांगते. फार हसण्यासारखी नाही ती.

माझा जन्म त्याच कारखान्याच्या सुतारखात्यात झाला. तिथल्या सुताराला सगळे आबा म्हणत. खोक्यांसाठी आणलेल्या फळ्यांतल्या निवडक फळ्या बाजूला काढून त्यांनी मला घडवले. अंगात एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले. झाकणावरची फट कोरायला त्यांनी अख्खा दिवस घातला. एकदा दुमडलेला एकच कागद आत जाईल, इतकी ती अरुंद होती.

कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, मला पाहायला आले. म्हणाले, "अहो आबा, फट जरा मोठी ठेवायची की! सभेला गर्दी होते."

"होऊ दे की गर्दी," आबा म्हणाले. "ज्याचा कागद त्याच्या हातानं आत जाईल. गठ्ठ्यानं टाकायला ही काय रद्दीची टोपली आहे?"

थोरले साहेब हसले आणि फट तशीच राहिली. माणूस ऐकून घेणारा होता.

त्या कारखान्यात एक चांगली रीत होती. पंचवीस वर्षे नोकरी झाली की कामगाराला कारखान्याचे थोडे शेअर मिळत. शेअर म्हणजे मालकीचा एक लहानसा तुकडा. तो ज्याच्याकडे असेल त्याला वर्षाच्या सभेत मत देता येई. कारखाना चालवणारे संचालक कोण असावेत, हिशेब तपासायला ऑडिटर कोण असावा आणि सर्वात वरच्या साहेबांना पगार किती द्यावा, हे तीन प्रश्न दरवर्षी माझ्यापुढे येत. त्या दिवशी कामगार इस्त्रीचे कपडे घालून येत. साच्यावरचा एक म्हातारा कागद टाकताना दरवर्षी तेच म्हणे, "वर्षभर साहेब मला ठेवतो, आज मी साहेबाला ठेवतोय!" सगळे दरवर्षी तितकेच हसत. मग कुणीतरी माझ्या झाकणावरून हात फिरवी आणि म्हणे, काय काम केलंय आबांनी! तेव्हा मला कोण अभिमान वाटे म्हणून सांगू.

ते दिवस फार टिकले नाहीत. थोरले साहेब गेले आणि त्यांचा मुलगा त्यांच्या खुर्चीवर बसला. धाकट्या साहेबांनी पहिल्याच वर्षी माझी फट वाढवायला सांगितली. पोस्टाने कागदांचे गठ्ठे येतात, एकेक टाकत कोण बसणार, असे त्यांचे म्हणणे. आबांनी करवत हातात घ्यायलाच नकार दिला. मग बाहेरचा माणूस बोलावला आणि त्याने घटकाभरात माझे तोंड फाडले. पुढच्या सभेला आबा आले, फटीवरून अंगठा फिरवला, कागद टाकला आणि कुणाशी न बोलता घरी गेले. त्यानंतर ते सभेला आले नाहीत. वर्षभरात वारले. त्यांचे शेअर त्यांच्या लेकीच्या नावावर झाले.

ही लेक पॅकिंगखात्यात होती. पुठ्ठ्याच्या एका कार्डावर बारा बटणे टाचायची, हे तिचे काम. तिला सगळे ताई म्हणत. माझी खरी गोष्ट तिचीच आहे, मित्रांनो.

एके वर्षी ऑडिटर बाई हातात यादी घेऊन थेट पॅकिंगखात्यात शिरल्या. तोवरचे ऑडिटर कचेरीत पंख्याखाली बसून कागद तपासत. या बाई यंत्रे मोजू लागल्या.

"सहा नवी यंत्रं घेतली असं लिहिलंय," त्या ताईला म्हणाल्या. "कुठे आहेत हो?"

ताईने आपल्या यंत्रावर थाप मारली. "नवी कुठली, बाई? हे तर माझ्या लग्नाच्या आधीपासून खडखडतंय. बाकीचीही याचीच भावंडं."

बाईंनी ते जसेच्या तसे आपल्या अहवालात लिहिले. यंत्रे कागदावर आहेत, कारखान्यात नाहीत. झाले! पुढच्या सभेच्या नोटिशीत ठराव आला की या बाई नकोत, दुसरा ऑडिटर नेमावा. त्याच्या खालीच दुसरा ठराव होता, धाकट्या साहेबांचा पगार दीडपट करावा.

ताईला आकडेमोड फारशी येत नव्हती, पण एवढे तिला लख्ख कळले. बाई गेल्या की नसलेल्या यंत्रांचे पैसे कुठे गेले हे कुणी विचारणार नाही, आणि असेच चालले तर एक दिवस कारखानाच नसेल. साहेबांच्या घराण्याकडे निम्म्याहून थोडे कमी शेअर होते. कामगार आणि बाहेरचे मिळून उभे राहिले तर बाई राहू शकत होत्या.

धाकट्या साहेबांनी सभा नेमकी कामाच्या पाळीच्या वेळी ठेवली. काम सोडून येणार कोण? पण न येणाऱ्याला आपल्या वतीने मत द्यायला दुसऱ्या कुणाला नेमता येते. त्यासाठी एक छापील कागद असतो. ताईने तेच कागद घेतले आणि आठवडाभर, काम सुटल्यावर, जिने चढत आणि उतरत राहिली. बासष्ट घरे झाली. आजारी होते, लंगडे होते, एकीची सून सही करू देईना. ताईने सगळ्यांना पटवले. मला हे कसे कळले म्हणाल, तर कागद द्यायला आली तेव्हा ती कारकुनाला हे सगळे मोठ्या हौसेने सांगत होती.

सभेच्या दोन दिवस आधीची दुपार होती ती. आधी येणारे कागद घ्यायला मला टेबलावर ठेवले होते. ताईने गठ्ठा उघडून एकेक सही पुन्हा पाहिली. सह्या बासष्टच्या बासष्ट होत्या. पण "माझ्या वतीने यांनी मत द्यावे" या शब्दांपुढची ओळ बासष्ट कागदांवर रिकामी होती.

तिला ती दिसली नाही असे नाही. पण त्या कारखान्यात रजेचा अर्ज असो की पगाराचा कागद, कामगाराने खाली सही करायची आणि वरचा मजकूर कचेरीने भरायचा, हीच सवय. कुणी आपण होऊन लिहिलेच तर कारकून खेकसे, "कागद खराब करू नका, आम्ही भरतो!" तीस वर्षे हेच ऐकलेल्या ताईला त्या ओळीत स्वतःचे नाव लिहिण्याचे सुचणार कसे? आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते की नाव न लिहिल्यास सभेच्या अध्यक्षांना नेमले असे समजावे. अध्यक्ष होते धाकटे साहेब.

तिने तो गठ्ठा माझ्यात टाकला. सगळा, एकदम. वाढवलेल्या फटीतून तो अलगद आत आला. आबांची फट असती तर तिला बासष्ट वेळा एकेक कागद दुमडावा लागला असता. कदाचित तेवढ्यात तिचा हात थांबला असता. कदाचित नसताही. पण मी आजही तेच घोकत बसते.

ती गेल्यावर सभेचे कागदपत्र सांभाळणाऱ्या सेक्रेटरीने मला उघडले. एकेक कागद पाहिला, एकदा खिडकीबाहेर पाहिले, मग खणातून अध्यक्षांच्या नावाचा रबरी शिक्का काढला. बासष्ट वेळा तो शिक्का त्या रिकाम्या ओळीवर आपटला. मित्रांनो, त्यात खोटे काहीच नव्हते. सगळे नियमात बसत होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

सभेत निकाल वाचला. ऑडिटर बाई गेल्या. पगार दीडपट झाला. ताई मागच्या खुर्चीवरून उठली.

"साहेब, आमची बासष्ट माणसं राहिली बहुतेक मोजायची."

"मोजली की," सेक्रेटरी खाली बघत म्हणाला. "ती मतं तुम्ही अध्यक्षांना दिली होती."

"मी?" ताई म्हणाली. "मी दिली?"

सेक्रेटरीने वरचाच एक कागद तिच्या हातात दिला. तिने शिक्का पाहिला, मग खालची सही पाहिली. ती शेजारच्या म्हातारीची होती, थरथरत केलेली. ताई हळूच खाली बसली. धाकट्या साहेबांनी सर्वांचे आभार मानले आणि चहा घेऊन जाण्याची विनंती केली.

कारखाना त्यानंतर चार वर्षे रखडला आणि बंद पडला. त्या बासष्ट घरांतले कुणीही ताईला एका शब्दाने बोलले नाही, असे ऐकते. बोलले असते तर तिला बरे वाटले असते, असे मला वाटते.

सामानाची विक्री होती त्या दिवशी ती आली होती. केस पांढरे झालेले. टेबले, खुर्च्या, यंत्रे ओलांडत ती माझ्यापाशी येऊन थांबली. करवतीने खरबडीत झालेल्या माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, अगदी आबांसारखा.

"घेताय का पेटी?" विकणाऱ्याने विचारले. "स्वस्तात देतो. लाकूड चांगलं आहे."

"लाकूड चांगलंच आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी केलीय. पण घरात रोज समोर कशी ठेवू?"

ती गेली. मी भंगारात आले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, रंग द्या, असे माझे मागणे नाही. माझे आता काय व्हायचे राहिले आहे? एवढेच सांगते की उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढेही छापील कागद येईल आणि कुणीतरी घाईने म्हणेल, "तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही भरतो." तेव्हा पेन लगेच खाली सहीच्या जागी नेऊ नका. आधी वरची रिकामी ओळ शोधा आणि तिच्यात तुमच्या हाताने, तुम्हाला हवे ते नाव लिहा. कागद खराब झाला तरी चालेल.