सत्तेचाळिसावं पान

मित्रांनो, संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली शिकवणारं मी एक जुनं पुस्तक. इंग्रजीच्या भीतीने कुणाचं शिकणं अडू नये म्हणून एका निवृत्त शिक्षकाने मला सोप्या मराठीत लिहिलं. मुरुडच्या कोळीवाड्यातल्या वाचनालयात मी आलो तेव्हा माझ्यासाठी नंबर लागत. पुढे घरोघरी मोबाईल आले आणि मी कपाटात खारट दमटपणाने फुगत पडलो.

गेल्या वर्षी हेमांगी आली. नुकतीच बारावी झालेली, सुकी मासळी विकणाऱ्या घरातली. घरचा संगणक फार रखडायचा. त्यात लिनक्स घालून तिला प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. ग्रंथपाल काळूरामकाकांनी दोन पुस्तकं पुढे ठेवली. एक नवं, जाडजूड, इंग्रजी, दुसरा मी.

"नवा ने गो. ह्या लय जुना झालाय."

"पण काका, हे मला समजतंय."

मला केवढा अभिमान वाटला!

घरी तिने माझ्यात पाहून एकेक पायरी केली. शेहेचाळिसाव्या पानावरून ती थेट एकोणपन्नासाव्यावर गेली. मधलं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'आधी सगळ्या फायलींची प्रत काढा. यापुढे डिस्क पुसली जाईल.' मला ओरडता येईना. तिने बटण दाबलं.

त्या संगणकात तिच्या आजीच्या, सखुबाईच्या, आवाजातले चाळीस धवले होते. सखुबाई लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण. मोबाईल भरला म्हणून हेमांगीने ते सारे संगणकात ठेवले होते.

"आजी, तुझी गाणी गेली. माझ्याच हातून गेली."

"रडू नको गो. मी अजून हाय ना?"

सखुबाई पुन्हा गायला बसली. तीन दिवस गायली. सव्विसावा धवला झाला आणि ती थांबली.

"फुडचा आठवत न्हाय गो. आयशीनं शिकवलेला..."

उरलेले चौदा आलेच नाहीत.

हेमांगी मला रागाने फेकून देईल असं वाटलं होतं. तिने फाटक्या जागी 'आधी प्रत काढा' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद चिकटवला, मला परत केलं आणि काकांकडून ते इंग्रजी पुस्तक मागून घेतलं.

मित्रांनो, पुस्तक निवडताना भाषा पाहा, छपाईचं सालही पाहा, आणि पानं पुरी आहेत ना तेही बघा. पान फाडायला मात्र हात लावू नका. माझं पान नेणाऱ्याला सखुबाईचं नावसुद्धा ठाऊक नसेल. तिचे चौदा धवले त्यानेच नेले.