मेट्रोत धरलेली जागा

मित्रांनो, मी एक मेट्रो गाडी आहे. जुनी म्हणावी इतकी वर्षे झाली नाहीत, पण शहरातला मधला चौक आणि विमानतळ यांच्यात येरझाऱ्या घालून माझ्या दांड्यांची चकाकी मात्र उतरली आहे. मला चालक नाही. मुले पुढच्या काचेपाशी येऊन चालकाची खुर्ची शोधतात आणि ती नाही हे कळले की आनंदाने ओरडतात. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात, पण मला ते फार आवडते!

कारखान्यात अभियंत्यांनी मला पोटच्या लेकरासारखे घडवले. सीटांवर वाळूची पोती ठेवून मला पळवले. मध्ये कुणाचा हात आला तर दार मागे घ्यायचे, हे शिकवले. माझे डोळे म्हणजे कॅमेरे. ते जे पाहतात, ते दूरच्या नियंत्रण कक्षात दिसते आणि तिथले बोलणे माझ्या कानावर येते. तिथे शाइस्ता बसते. ती बुलढाण्याजवळच्या देऊळघाटची.

एका सकाळी चौकातल्या स्थानकावर बुलढाणा जिल्ह्यातल्याच वरवट बकालचे कडूबा आले. सोबत पत्नी सत्यभामाबाई आणि मुलगी अनुपमा. कडूबा कपाशीवाले. बीटी बियाणे आले तेव्हा वाटले, बोंडअळीची पीडा टळली. काही वर्षे टळलीही. मग गुलाबी अळी त्याही बोंडांत शिरली आणि हाताशी आलेला कापूस खाऊ लागली. अनुपमाने त्या अळीचाच अभ्यास धरला. आता पुढे शिकायला ती परदेशी निघाली होती आणि विमान चुकले तर तिचा प्रवेशच जाणार होता.

माझी दारे उघडताच गर्दी आत घुसली. कडूबांनी जन्मभर एसटीत केले तेच केले. लगबगीने आत शिरून सीटवर खांद्यावरचा दुपट्टा पसरला, त्यावर पिशवी ठेवली आणि सरकत्या जिन्याला बिचकलेल्या सत्यभामाबाईंना आणि त्यांच्यापाशी थांबलेल्या अनुपमाला आणायला खाली उतरले. अनुपमाचा पासपोर्ट त्याच पिशवीत होता. असल्या गोष्टी त्यांनी कुणाच्याच हाती दिल्या नसत्या!

दारे मिटली. कडूबा हात वर करून धावत आले. "ओ डायवरसाहेब! थांबा ना जरासंक!"

कोण थांबवणार? दारात हात असता तर मी थांबले असते. बाहेरच्या हाकेला मी बहिरी. माझा मलाच राग आला.

इकडे डब्यात एका गृहस्थाने मदतीचे लाल बटण दाबले. "इथे बेवारस पिशवी आहे!" अशा वेळी गाडी रिकामी करून तपासणीला न्यायची असा नियम. तसे झाले असते तर पासपोर्ट दुपारपर्यंत हाती लागला नसता.

शाइस्ताने पडद्यावर पाहिले आणि ती हसलीच. ती त्या गृहस्थाला म्हणाली, "साहेब, ही पिशवी बेवारस नाही. कुणीतरी जागा धरली आहे! आमच्या बुलढाण्याच्या स्टँडवर अशीच धरतात." तिने लगेच चौकातले चित्रण काढून वरिष्ठ महादेवरावांना दाखवले. त्यांनी ते पुन्हा पाहिले आणि मान डोलावली. पुढच्या स्थानकावर सुरक्षारक्षक चढला. पिशवी तपासून तो तिच्याजवळ उभा राहिला.

मग शाइस्ता चौकातल्या फलाटावरच्या ध्वनिक्षेपकातून बोलली. "काका, मी देऊळघाटची शाइस्ता बोलून राह्यली. तुमची पिशवी सलामत हाय. मांगून गाडी येऊन राह्यली, तिच्यात बसा. पन आता पह्यले मानसं चढवा, मंग सामान!"

"हाव माय, हाव!" कडूबा छताकडे पाहून हात जोडत होते.

विमानतळापर्यंत माझा डबा खचाखच भरलेला होता, पण त्या दुपट्ट्यावर कुणी बसले नाही. या शहराच्या माणसांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मागच्या गाडीने तिघे आले, रक्षकाने पिशवी हाती दिली, अनुपमाने पासपोर्ट छातीशी धरला आणि ती धावत सुटली.

संध्याकाळी कडूबा आणि सत्यभामाबाई परतीला माझ्यातच बसले. लाल बटण दाबले की शाइस्ताशी बोलता येते, हे सकाळी रक्षकाने त्यांना सांगितले होते. मग कडूबा उठले आणि त्यांनी ते लाल बटण दाबले.

"बोला, काय अडचण आहे?" शाइस्ताचा आवाज आला.

"पोरी, मी कडूबा. इमान उडालं काय वं?"

महादेवराव चमकले, मग त्यांनीच मोबाइल तिच्यापुढे सरकवला. शाइस्ताने मोबाइलवर पाहिले.

"उडालं काका. टायमावर उडालं."

सत्यभामाबाई पदर डोळ्यांना लावून पुढे झुकल्या. "घाबरली तं नसंल ना वं माही पोरगी?"

शाइस्ताही घर सोडून याच शहरात एकटी आलेली. "घाबरली असंल काकू," ती म्हणाली, "पन जाईल ती बराबर."

मित्रांनो, ते लाल बटण केवळ संकटासाठी आहे. गंमत म्हणून त्याला हात लावू नका. त्याच वेळी कुणाचा तरी जीव पलीकडच्या उत्तरावर टांगलेला असू शकतो. त्या संध्याकाळी ते कुणी उगीच दाबले, असे मात्र मी कधीही म्हणणार नाही.