पाच नंबरची डबी

"नॉब शून्यावर, आणि मोबाइलवर नऊ व्होल्ट? हे आकडे आले कुठून गं?"

लॅबमामांनी विचारलं मुलीला, पण डोळे वटारले डबीवर. काड्यापेटीएवढी ती स्वस्तातली डबी! सर्किटला जोडायची, मोबाइलवर तिचा नंबर निवडायचा, की बिनतारी रीडिंग थेट मोबाइलवर. एकतीस वर्षं काट्याचे मीटर पुसून जपणाऱ्या मामांचा ना डबीवर विश्वास होता, ना मोबाइलवर, ना मोबाइल मिरवणाऱ्या मुलांवर.

"शप्पथ मामा, मी काहीच केलं नाही!"

"तेच म्हणतोय मी. काहीच न करता रीडिंग येतंय. घरून भरून आणलंस की काय?"

मुलीचा चेहरा पडला. आज परीक्षेचं प्रॅक्टिकल. आकडे बनावट ठरले तर सगळंच रद्द. मामांना मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. काल विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "एक जरी डबी चुकली तरी जुने मीटर ठेवू. नाहीतर उद्या भंगारात."

इतक्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलाने नॉब फिरवला आणि मुलीच्या मोबाइलवर नवाचे अकरा झाले. मामा सावध झाले.

"ए, बंद कर रे तुझं."

त्याने बंद केलं. हिच्या मोबाइलवर शून्य!

"आणि तुझ्या मोबाइलवर काय येतंय रे?"

"मघापासून शून्यच, मामा. मला वाटलं, मीच नापास."

मामांनी दोन्ही डब्या उचलल्या. वर त्यांच्याच वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या: चार, पाच. छापील नंबर मुंगीएवढा, म्हणून बाईंनी काल मोठे लावायला सांगितले होते. मामांनी ते रागारागात, चष्मा खिशात ठेवूनच चिकटवले होते. त्यांनी नखाने चाराची चिठ्ठी सोलली. खाली पाच. पाचाची सोलली. खाली चार.

"काय झालं, मामा?" दारातून बाईंचा आवाज आला. "डबीने दगा दिला ना शेवटी?"

नुसतं 'हो' म्हटलं की काम झालं असतं. मुलगी सुटली असती, मीटर वाचले असते, आणि मामांचं म्हणणं खरं ठरलं असतं ते वेगळंच! फळीवर सगळे काटे शून्यावर शहाण्यासारखे बसले होते. मामांनी तिकडे एकदा पाहिलं.

"नाही, बाई. डबी बरोबर आहे. चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या. पोरीला पहिल्यापासून वेळ द्या. आणि या पोरालाही."

परीक्षा संपली तरी मुलगी घुटमळत होती. मामा मीटर खोक्यात भरत होते. प्रत्येकाच्या दोन स्क्रूंना तांब्याच्या तारेचा तुकडा आडवा बांधायचा, मगच आत ठेवायचा.

"मामा, भंगारातच तर चाललेत ना? मग तार कशाला?"

"तार नसली की वाटेत काटा हेलकावतो, आपटतो, बाळ," मामा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मीटरचा स्क्रू आवळला.